कोरडवाहूची सहल

यंदाच्या अंकाचा विषय ‘प्रवास’. बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, पहिलीतल्या हिंदीवरून रान पेटलं, सप्टेंबरात सीना नदीनं काठच्या गावांची झोप उडवली. नोंदी झाल्या. मला मात्र वर्षभर सलतंय ते एक गुळगुळीत माहितीपत्रक.

‘कोरडवाहू शेतकऱ्यांसाठी इस्राएल अभ्यासदौरा.’ आत फोटो काचघरातल्या ढोबळ्या मिरचीचे! आमचे एक स्नेही जाऊन आले. विचारलं, निव्वळ पावसावरचं रान पाहिलंत का? म्हणाले, “तिथं पाऊसच कुठंय?”

तेच तर. तिथल्या नेगेव वाळवंटात ठिबक चालतं, कारण नळीमागे पाणी आहे. १९६४ साली गालील सरोवरातून दक्षिणेकडे नेलेलं आणि आता शहरांचं सांडपाणी शुद्ध करून पोचवलेलं. ती उत्तम बागायत आहे. ठिबकशी माझं भांडण नाही. पण ज्याची विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवते, त्यानं थेंब आणायचा कुठून?

निव्वळ पावसावरच्या रानाची सहल कशी असते? १९८९ साली नायजरमधल्या इलेला भागातले १३ शेतकरी शेजारच्या बुर्किना फासोत, यातेंगाला गेले. आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या पैशावर चाललेल्या प्रकल्पानं त्यांना पाठवलं होतं. यातेंगाचे शेतकरी दगडासारख्या कडक माळावर उन्हाळ्यात वीतभर खड्डे खणत, त्यात शेणखत घालत. खताला वाळवी लागते, ती जमीन पोखरते आणि पाऊस त्या भोकांतून खाली मुरतो. पेरणी खड्ड्यातच. असे खड्डे इलेलातही पूर्वी घेत, पण ते मागे पडले होते. परतल्यावर इलेलाच्या शेतकऱ्यांनी जेमतेम चार हेक्टरांवर करून पाहिलं. पुढचं १९९० हे साल दुष्काळी निघालं आणि चांगलं पीक आलं ते खड्ड्यांच्या रानात. मग बघायला गावंच्या गावं आली. (आपल्या भारी काळ्या रानात मात्र हे करू नका, पाणी साचून ज्वारी पिवळी पडेल.)

अशी सहल आपल्याकडून का निघत नाही? सोलापुरात कोरडवाहू संशोधन १९३३ पासून आहे. १९७० साली कॅनडाच्या मदतीनं देशभराचा कोरडवाहू प्रकल्प उभा राहिला, त्यातही सोलापूर होतं. १९७२ पासून हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवरची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. आफ्रिकेतली माणसं शिकायला तिथवर येतात. आपण त्यांच्या बांधावर जात नाही. तिथं काचघर नाही ना!

आणि घरचं? शाळूला, म्हणजे रब्बी ज्वारीला, तिसऱ्या आठवड्यात फटीचं कोळपं, पाचव्यात पासेचं, आठव्यात भेगा बुजवायला दातेरी. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ म्हणणारी म्हातारी माणसं गावात अजून आहेत. त्यांच्या ओट्यापर्यंतचा दौरा कुणी काढत नाही.

स्नेह्यांचं रान यंदा फार उशिरा वाफशावर आलं. अंक छापायला जाताना त्यांचा फोन आला: “फटीचं कोळपं आहे का हो कुणाकडं?”