पुडीतला जिवाणू झोपलेला असतो, त्याला उठवणार कोण?



सध्या बॅसिलस सबटिलिसच्या पुड्या गावोगाव खपतायत. लेबलवर सीएफयूचा आकडा जेवढा मोठा तेवढा माल भारी, असं आपण धरून चालतो. माझं मत वेगळं आहे. आकड्याआधी आपली जमीन बघा.

पुडीतला हा जिवाणू बहुतेक करून बीजाणूच्या रूपात असतो, म्हणजे जाड कवच घेऊन झोपलेला. ऊन, कोरड सोसतो म्हणून तर दुकानात टिकतो. पण झोपलेला गडी काम करत नाही. उठून मुळाभोवती वाढला तरच रोगाच्या बुरशीला आडवा येणार.

मग तो उठतो कशानं? अमिनो आम्लं, साखर असं खाद्य मिळालं की उठतो, हे आधीपासून माहीत होतं. 2008 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या जोनाथन ड्वॉर्किन आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. घराला खोली वाढवायची तर जुनी भिंत थोडी फोडावी लागते, विटांचे तुकडे बाहेर पडतात. जिवाणूचंही तसंच. वाढताना त्याच्या पेशीभित्तिकेचे, म्हणजे पेप्टिडोग्लायकनचे, बारीक तुकडे बाहेर सुटतात. शेजारच्या बीजाणूतलं पीआरकेसी नावाचं प्रथिन ते ओळखतं आणि बीजाणू जागा होतो. 'इथं दुसरे वाढतायत, तूही ऊठ' असा तो निरोप. कुठल्याही भिंतीचा तुकडा मात्र चालत नाही, बॅसिलससारख्या बांधणीचाच लागतो.

हा प्रयोग प्रयोगशाळेतला, शेतातला नाही. पण मी त्यातून एवढंच घेतो की जिथं जिवाणू आधीच नांदतायत, तिथं नवा उठायची आशा जास्त. पाचट पेटवायचं, शेणखत वर्षानुवर्षं घालायचं नाही आणि कोरड्या ढेकळांवर पुडी फेकायची, मग निरोप द्यायला तिथं आहे कोण?

म्हणून पुडी कुजलेल्या शेणखतात मिसळा, सावलीत ओल धरून आठवडाभर ठेवा, वापशावर संध्याकाळी मुळाजवळ द्या. सोबत कॉपर ऑक्सिक्लोराईड किंवा स्ट्रेप्टोमायसीन नको. खिशात पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी शेणखत घ्या, पुडी नंतर.

आणि कृषी तज्ज्ञ साहेबांना विनंती, शिफारशीत एकरी किती किलो ते लिहिता, तसं जमिनीत सेंद्रिय कर्ब किती हवा तेही लिहा. आमचा खर्च त्यावर ठरतो.

तुमच्याकडं काय अनुभव, खाली लिहा.