मुक्या रोग्याचे निदान

मनुष्य आजारी पडला म्हणजे आपल्या दुखण्याची हकीकत तो वैद्याला सांगू शकतो. कोठे दुखते, केव्हापासून दुखते, काय खाल्ले असता दुखते, हे सारे त्याच्या तोंडून कळते. जनावराला ही सोय नाही. म्हैस चारा सोडते, कान पाडून उभी राहते, दूध आटवते; एवढीच तिची भाषा, आणि अनेक निरनिराळ्या रोगांत ती हीच भाषा बोलते. म्हणून पशुवैद्याला उपकरणांची गरज माणसांच्या वैद्यापेक्षा कमी नसून अधिकच असते. प्रश्न आहे तो एवढाच की, कोणती उपकरणे प्रथम हवीत आणि ती कोठे असावीत.

या प्रश्नाचा विचार करण्यास लखनौ हे योग्य ठिकाण होय. उत्तर प्रदेशाच्या या राजधानीतून मार्च २०२३ मध्ये ५२० फिरत्या पशुचिकित्सा-वाहनांना हिरवा झेंडा दाखविण्यात आला. पशुपालकाने १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि वाहनाने त्याच्या गोठ्यापर्यंत जावे, अशी ही योजना आहे. वाहनात एक पशुवैद्य, एक साहाय्यक आणि एक चालक असतो. योजनेमागचा विचार उत्तम आहे. पाचशे किलो वजनाची आजारी म्हैस मलिहाबादकडील खेड्यातून शहरातील दवाखान्यात नेणे गरीब कुटुंबाला परवडत नाही, आणि पुष्कळदा त्या म्हशीलाही सोसत नाही. तेव्हा दवाखान्यानेच तिच्याकडे जावे, हे न्यायाचे आहे.

परंतु थोडे गणित करून पाहावे. २०१९ च्या पशुगणनेत उत्तर प्रदेशात गाई-म्हशींची संख्या सुमारे ५ कोटी २० लाख भरली. योजनेचे प्रमाण लाख जनावरांमागे एक वाहन असे आहे. एका वाहनाने दररोज दहा जनावरे तपासली आणि वर्षातील तीनशे दिवस काम केले असे धरले, तर वर्षाकाठी तीन हजार जनावरे होतात; म्हणजे शंभरांतील तीन. उरलेल्या सत्त्याण्णवांचा भार अखेर गावाजवळच्या साध्या दवाखान्यावरच राहणार. त्या दवाखान्यात काय आहे, यावरून साऱ्या व्यवस्थेची परीक्षा करावयास हवी.

लखनौसारख्या मोठ्या शहरात आज क्ष-किरण यंत्रे आहेत, ध्वनिलहरींनी शरीराच्या आतील चित्र दाखविणारी सोनोग्राफीची यंत्रे आहेत, रक्ताचे परीक्षण करणारी स्वयंचलित यंत्रे आहेत. त्यांची उपयुक्तता निर्विवाद आहे. गाय चाऱ्यासोबत तारेचा तुकडा किंवा खिळा गिळते. तो जाळीपोट नावाच्या कप्प्यात अडकतो. या कप्प्याच्या पुढे केवळ एक स्नायूंचा पडदा आणि त्यापलीकडे हृदय असते. खिळा पुढे सरकत हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचला की जनावर दगावते. असा खिळा क्ष-किरणांनी वेळीच दिसला, तर शस्त्रक्रियेने तो काढता येतो. अशी यंत्रे जिल्ह्याच्या मोठ्या पशुचिकित्सालयात असलीच पाहिजेत, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

दुमत होते ते अग्रक्रमाविषयी. सर्रा या रोगाचे उदाहरण घ्यावे. घोडे, उंट, म्हशी यांना होणारा हा रोग चावणाऱ्या माश्यांमुळे पसरतो. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. जनावर खंगत जाते. ग्रिफिथ एव्हान्स या पशुवैद्याने १८८० मध्ये डेरा इस्माईल खान येथे आजारी जनावरांच्या रक्तात या रोगाचे वळवळणारे सूक्ष्म परजीवी पाहिले. त्याच्यापाशी सूक्ष्मदर्शकाखेरीज फारसे काही नव्हते. आजही रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन सर्रा ओळखता येतो. हे न करता, ताप आहे म्हणून नेहमीचे प्रतिजैविक टोचले, तर काय होईल? प्रतिजैविक जिवाणूंवर चालते. सर्ऱ्याच्या परजीवीवर चालत नाही. पैसे जातील, दिवस जातील आणि शेवटी म्हैसही जाईल. ज्या घराची सारी पुंजी दावणीला बांधलेली असते, त्या घराला हा केवळ निदानातील दोष वाटत नाही. ती त्याची वाताहत असते.

असाच विचार कासदाहाचा. सडातील थोडेसे दूध आणि एक साधे, साबणासारखे द्रावण तबकडीत मिसळले असता, दाह असल्यास मिश्रण चिकट होते. परीक्षा मिनिटाभरात गोठ्यातच होते. शीतकपाटाचेही तसेच. लाळ्या-खुरकुताची लस दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते; ती उष्णतेने बिघडते, तशीच गोठल्यानेही बिघडते. वीज गेली असता कपाट थंड राहील अशी तजवीज नसेल, तर सुई टोचली जाते, नोंद होते, पण संरक्षण मात्र मिळत नाही.

अनुभवी पशुवैद्याला हे सारे लागत नाही, त्याची नजरच पुरेशी असते, असा एक आक्षेप घेतला जातो. अनुभवाचे मोल मोठे आहे. पण नजरेला रक्तातील परजीवी दिसत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एकट्या पशुवैद्याच्या अंगावर लसीकरण, कृत्रिम रेतन, नोंदवह्या आणि शवपरीक्षा इतकी कामे असता, त्याने काचपट्ट्या केव्हा पाहाव्यात? याचे उत्तर एकच. सूक्ष्मदर्शकासोबत तो चालविणारा प्रशिक्षित साहाय्यकही दिला पाहिजे. माणसाशिवाय दिलेले यंत्र कपाटात धूळ खाते, आणि त्याची किंमत तेवढी अहवालात चमकते.

या मताला इतिहासाचा आधार आहे. १८८९ मध्ये पुण्यात पशुरोगांच्या संशोधनासाठी एक जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली; १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वर येथे गेली, आणि तिचाच विस्तार होऊन आजची इज्जतनगरची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था झाली. बुळकांडीने त्या काळी गोठेच्या गोठे ओस पडत. या संस्थेने बुळकांडीवरील लशीचे मोलाचे काम केले. परंतु लस सिद्ध झाली म्हणून रोग गेला नाही. १९५४ मध्ये देशव्यापी निर्मूलनाचे कार्य सुरू झाले. थंड पेटीतील लस खेडोपाडी गेली, रोग्यांचा शोध घेतला गेला. देशातील अखेरचा प्रादुर्भाव १९९५ मध्ये झाला, २००६ मध्ये भारत आणि २०११ मध्ये सारे जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले. हे यश राजधानीत बसविलेल्या एखाद्या भव्य यंत्राचे नव्हते. ते बर्फाच्या पेटीचे, सुईचे, नोंदवहीचे आणि उन्हातान्हात हिंडणाऱ्या माणसांचे होते.

हा विचार पशुपालकांपुरताच आहे, असेही कोणी समजू नये. सांसर्गिक गर्भपाताचे जंतू कच्च्या दुधातून आणि रोगी जनावराच्या वारेला हात लावल्याने माणसात शिरतात. निदानाविना वारंवार दिलेल्या प्रतिजैविकांचा अंश दुधात उतरू शकतो, आणि त्यांना न जुमानणारे जंतू वाढीस लागतात. गोठ्यातील चूक अशा रीतीने शहरातील पेल्यापर्यंत येते.

म्हणून पशुचिकित्सालयाची आधुनिकता त्यातील सर्वांत महाग यंत्रावरून मोजू नये. औषध देण्यापूर्वी किती जनावरांच्या रोगाचे कारण शोधले गेले, यावरून ती मोजावी. ही संख्या प्रत्येक दवाखान्याच्या फलकावर दरमहा लिहिता येईल. त्यासाठी खडूखेरीज कोणतेही नवे उपकरण लागणार नाही.