व्याकरणाचा तास आणि संगणकाची भाषा

डिंभे व भोंवतालच्या वाड्यांतून शाळेंत येणाऱ्या मुलांचे पालक आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारतात. संगणकाचें युग आलें असतां कर्ता, कर्म, क्रियापद घोकण्यांत मुलांचा वेळ कां दवडावा ? त्याऐवजीं त्यांस संगणकाची एखादी भाषा शिकविणें बरें नव्हे काय ? या प्रश्नामागें मुलांच्या पोटापाण्याची काळजी आहे. म्हणून तो हंसण्यावारी नेणें योग्य नव्हे. परंतु आमचें मत असें कीं, ज्यास संगणकाची भाषा शिकावयाची आहे त्यानें तर व्याकरणाचा तास मुळींच चुकवूं नये.

आपली मराठी आधीं बोलली गेली. तिचें व्याकरण मागाहून आलें. विल्यम केरी यांचें व्याकरण १८०५ सालीं व दादोबा पांडुरंग यांचें १८३६ सालीं निघालें, तेव्हां ज्ञानेश्वरीस पांच शतकें उलटून गेलीं होतीं. संगणकाच्या भाषेंत क्रम उलटा. तेथें नियम आधीं, वाक्य नंतर. १९६० सालीं ‘अल्गोल’ नामक भाषेचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यांत जॉन बॅकस व पीटर नाऊर यांच्या नांवानें पुढें ओळखल्या गेलेल्या पद्धतीनें वाक्यरचनेचे नियम सूत्ररूपानें मांडले होते.

अशा नियमांचा एक लहानसा नमुना पाहा. पदावली म्हणजे एक अंक. अथवा दोन पदावल्या व त्यांमध्यें वजाबाकीचें चिन्ह. अथवा कंसांत घातलेली पदावली. नियम तीनच, परंतु पदावलीची व्याख्या पदावलीनेंच केल्यामुळें त्यांतून अगणित रचना निघतात. ‘९−)’ ही रचना अशुद्ध आहे हें ओळखावयास नऊ म्हणजे किती हें यंत्रास कळावें लागत नाहीं. आतां ‘९−३−२’ घ्या. ती शुद्ध खरी. पण पहिले दोन अंक आधीं जोडले तर उत्तर ४ येतें, शेवटले दोन जोडले तर ८. माणूस अशा ठिकाणीं संदर्भावरून सांवरून घेतो. यंत्रास नियमानेंच सांगावें लागतें.

अर्थ बाजूस ठेवून केवळ आकार पाहणें, यास अमूर्तीकरण म्हणतात. हें कांहीं परदेशांतून आलेलें नवल नव्हे. शेजारच्या जुन्नर तालुक्यांत नाणेघाटाच्या लेण्यांत सातवाहनांचा सुमारें दोन हजार वर्षांचा जुना शिलालेख आहे. यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे व कार्षापण यांच्या संख्या त्यांत अंकचिन्हांनीं कोरल्या आहेत. गायींकरितां एक अंक व नाण्यांकरितां दुसरा, असा भेद तेथें नाहीं. पाणिनीनें तर सर्व स्वरांस मिळून ‘अच्’ एवढेंच नांव दिलें. ‘इति’ व ‘आदि’ यांचें ‘इत्यादि’ आणि ‘सु’ व ‘आगत’ यांचें ‘स्वागत’ होतें, तें त्याच्या एकाच नियमानें.

हें साम्य पाहून १९६७ सालीं पीटर इंगरमन यांनीं बॅकसच्या पद्धतीस पाणिनीचेंहि नांव जोडावें असें सुचविलें. तेवढ्यावरून ‘संस्कृत हीच संगणकास सर्वांत योग्य भाषा’ अशी प्रौढी कित्येकजण मिरवितात. ती आम्हांस मान्य नाहीं. पाणिनीचा वरील नियम पुढें कोणता स्वर आहे हें पाहून लागतो. बॅकसचे नियम शेजार पाहतच नाहींत. दोहोंचें कार्य निराळें. पाणिनीचें मोठेपण अशा उसन्या प्रशस्तीवांचूनहि टिकून आहे. शिवाय, प्रौढी मिरविणाऱ्यांपैकीं किती जणांस साध्या मराठी वाक्याचें पृथक्करण करतां येईल, अशी आम्हांस शंका आहे !

वर्गांत आम्हांस दिसतें तें असें : संगणकाच्या आज्ञा पाठ केलेला मुलगा एक कंस चुकला कीं अडतो आणि सारें पुसून पुन्हां आरंभ करतो. मुख्य वाक्य कोणतें, गौण कोणतें, कोणतें कोणाच्या पोटांत बसलें आहे, हें शोधण्याची ज्यास संवय आहे, तो चुकलेला कंस शोधतो. म्हणून वेळापत्रकांतील व्याकरणाचा तास कमी करून तेथें संगणक बसवावा, या सूचनेस आमचा विरोध आहे. संगणकास दुसरा तास द्यावा. खेळाचा मात्र नको.

वरील तीन नियम बदलून ‘९−३−२’ चें उत्तर नेहमीं ४ च येईल असे नियम कोणी विद्यार्थी रचून आणील, तर त्याची वही आम्ही आनंदानें तपासूं.