वस्तीतले नाटक

फेब्रुवारी 1998 मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर हा तरुण पोलीस कोठडीत मरण पावला. त्याच वर्षी जूनमध्ये बारामतीत पिन्या हरी काळे हा पारधी कोठडीतच दगावला. दोघांच्याही जमातींना ब्रिटिशांनी जन्मजात गुन्हेगार ठरवले होते. 1871 पासून चालत आलेला तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला आणि या जमातींना ‘विमुक्त’ म्हटले जाऊ लागले, पण चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर धाड घालण्याची पोलिसांची खोड गेली नाही.

या दोन मृत्यूंवर नाटके उभी राहिली ती अहमदाबादच्या छारानगरात. छारा म्हणजे आपल्याकडच्या कंजारभाटांचेच भाऊबंद. लेखिका महाश्वेतादेवी, भाषाभ्यासक गणेश देवी आणि ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांची चळवळ सुरू केली, त्यातून वस्तीत वाचनालय आले आणि तिथल्याच मुलांनी ‘बुधन थिएटर’ काढले. ‘बुधन’ नाटकाचा पहिला प्रयोग 31 ऑगस्ट 1998 ला, विमुक्त दिनी झाला. त्याला ना नेपथ्य लागते ना भरजरी वेशभूषा. गल्लीत चार माणसे जमली की प्रयोग. फौजदाराचा दरारा कसा दाखवायचा, हे या नटांना कोणाला शिकवावे लागले नाही. लहानपणापासून ज्या लाठीला भ्यायचे, तीच हाती घेऊन सगळ्यांसमोर उभे राहायचे; ती भीती चारचौघांत बोलून दाखवायची. मनाला उभारी देणारे याहून मोठे काही आम्हाला दिसत नाही. या वस्तीतली काही मुले पुढे राष्ट्रीय नाट्य विद्यालयापर्यंत गेली. दारूच्या भट्ट्यांसाठीच ओळखल्या जाणाऱ्या वस्तीतली ही गोष्ट आहे.

नाटकाने सगळे बदलले, असा दावा कोणी करू नये. जुलै 2018 मध्ये पोलीस रात्री छारानगरात घुसले आणि बेदम मारहाणीच्या तक्रारी झाल्या. त्यातून नाटकवालेही सुटले नाहीत. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेद घटनाबाह्य ठरवला आणि विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, असे पोलिसांना बजावले. कायद्याची ही लढाई कायद्यानेच लढावी लागेल. पण न्यायालयाचा आदेश शेजाऱ्याच्या मनातला संशय काढू शकत नाही. समोर उभा राहून बोलणारा माणूस तो काढू शकतो.

महाराष्ट्रात डोंबारी, कोल्हाटी, गोपाळ, बहुरूपी यांची कला आपल्याला महोत्सवापुरती आठवते. मंडप उतरला की कलावंत पुन्हा पालावर. महोत्सवांवर जाणारा पैसा वस्तीतल्या खोलीवर, पुस्तकांवर, तिथल्याच तरुण दिग्दर्शकाच्या वर्षभराच्या मानधनावर खर्च व्हायला हवा, आणि कोणते नाटक करायचे हे वस्तीनेच ठरवायला हवे. ते सरकारला टोचणारे असेल, असू दे. नाशिकच्या पोलीस अकादमीत प्रत्येक नव्या तुकडीसमोर पिन्या काळेवरच्या नाटकाचा प्रयोग व्हावा आणि प्रयोगानंतर कलावंतांशी बोलण्यासाठी तासभर राखून ठेवावा, ही मागणी आम्ही गृह खात्याकडे करत आहोत.