कसणारीच्या खात्यात पैसे जाऊ द्या

मा. कृषिमंत्री आणि मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,



मी माझगावात राहतो. देवगड तालुक्यातल्या आमच्या सामाईक सातबाऱ्यावर इतर वारसांबरोबर माझंही नाव आहे. शेती मात्र माझी चुलत वहिनी करते. भाजावळ तिची, तरवा तिचा, लावणीला माणसं जमवणं तिचं, भात पोटरीवर आलं की रानडुकरांसाठी रात्रीची राखणही तिचीच. आम्ही चाकरमानी गणपतीला जातो आणि येताना तिने कांडलेले तांदूळ घेऊन येतो.

शेतकऱ्याला सरकारकडून पीएम किसानचे वर्षाला 6000 आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मानचे 6000 रुपये मिळतात. मी आयकर भरत नाही, वारसनोंद 2019 च्या बरीच आधीची आहे, आधार बँकेला जोडलेलं आहे. म्हणजे नियमाने हे 12000 रुपये मला मिळू शकतात. वहिनीच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, म्हणून तिला अर्जच करता येत नाही. मी अर्ज केलेला नाही आणि करणारही नाही. पण माझ्या न घेण्याने तिला काही मिळत नाही.

जमीन कोण कसतं हे सरकारला कळूच शकत नाही, असंही नाही. 2021 पासून ई-पीक पाहणी सुरू आहे. बांधावर उभं राहून, रेंज शोधत, भाताचा फोटो वहिनीच काढते आणि खातेदार म्हणून नाव निवडते माझं!

मग जमीन ती कसते असं आम्ही तिला लेखी का देत नाही? आमच्या घरात याचं उत्तर एकच आहे: कूळ लागेल. 1948 चा कुळकायदा आणि 1957 चा कृषकदिन यांनी कसणाऱ्याला जमीन दिली, हे फार मोठं काम झालं. पण त्याची धास्ती अजून गेलेली नाही. त्यामुळे कोकणात कितीतरी जमीन तोंडी बोलीवर कसली जाते आणि कसणाऱ्याच्या हातात कागदाचा कपटाही नसतो. अशा कसणाऱ्यांत बायका किती असतील, हे वाडीवाडीत जाऊन पाहावं.

यातून वाट निघते. आंध्र प्रदेशाने 2019 साली कायदा करून कसणाऱ्याला मालकाच्या संमतीने अकरा महिन्यांचं कार्ड दिलं. त्याने मालकी हक्काला धक्का लागत नाही. ओडिशाने शेतकऱ्यांना थेट मदत देणाऱ्या कालिया योजनेत वाटेकऱ्यांनाही धरलं. आपल्याकडे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवून बायकांची नावं सातबाऱ्यावर चढवली होती, तेव्हा हा विचार महाराष्ट्राला परका नाही.

पीएम किसानचे नियम केंद्राचे आहेत, मान्य. पण नमो शेतकरीचे पैसे राज्याच्या तिजोरीतले आहेत. तिथून सुरुवात करा. तलाठी कार्यालयात संमतीपत्राचा एक साधा नमुना ठेवा, त्यावर कूळहक्क लागणार नाही असं स्पष्ट छापा आणि पुढचा हप्ता कसणाऱ्याच्या खात्यात टाका. माझ्या चुलतभावांना तयार करायचं काम माझं. नमुना येत्या खरिपाच्या आत काढा.

आपला,
माझगावचा एक खातेदार