विश्लेषण : जुनी नाणी घासायची की जपायची?

लक्ष्मीपूजनाच्या तयारीत अनेक घरांत पितळेच्या भांड्यांबरोबर डब्यातली जुनी नाणीही चिंचेच्या कोळाने घासली जातात. पणजोबांनी जपलेला चांदीचा रुपया, भोकाचा पैसा, एखादी शिवराई. नाणी लखलखतात, घरच्यांना समाधान वाटते. पण नाण्याचे सर्वांत मोठे नुकसान तिथेच होते. साठवलेली नाणी खराब होतात हे खरे. त्यावरचा उपाय घासणे हा नसून साठवण सुधारणे हा आहे.

नाणी खराब कशामुळे होतात?

चांदी काळवंडते, तांब्यावर कळंक येतो. दोन्हींची कारणे वेगळी आहेत. चांदीची हवेतल्या गंधकयुक्त वायूंशी अभिक्रिया होऊन सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो. रबर बँड आणि लोकरीच्या कापडातही गंधक असते, त्यामुळे त्यात बांधलेली नाणी लवकर काळी पडतात. तांब्याचा शत्रू क्लोराइड. ते घामातल्या मिठातून आणि किनारपट्टीच्या खाऱ्या हवेतून येते. ओलावा मिळाला की नाण्यावर फिकट हिरवी भुकटी सुटू लागते. याला ‘ब्राँझ रोग’ म्हणतात. या प्रक्रियेत आम्ल तयार होते आणि ते पुन्हा तांबे खाते. म्हणून ओलावा असेपर्यंत ती थांबत नाही. १९४० पूर्वीच्या रुपयात सुमारे ९२ टक्के चांदी आणि उरलेले प्रामुख्याने तांबे असल्याने त्यावर काळ्याबरोबर हिरवे डागही दिसू शकतात.

मग हिरवा थर काढून टाकावा का?

सगळा हिरवा रंग वाईट नसतो. घट्ट, गुळगुळीत, तपकिरी किंवा हिरवा थर म्हणजे पॅटिना. तो खालच्या धातूचे रक्षण करतो. चिंच, लिंबू हा थर विरघळवतात, तर पावडर किंवा राख बारीक ओरखडे पाडते. शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ ही अक्षरे असतात. छत्रपती शिवाजी महाराजांनंतरही, थेट पेशवाईतही शिवराया पाडल्या गेल्या. त्या ओळखताना अक्षरांचे वळण आणि मांडणी पाहावी लागते. अक्षरे झिजली की उरतो फक्त तांब्याचा तुकडा.

अल्बममध्ये ठेवलेली नाणी सुरक्षित असतात का?

नेहमीच नाही. स्वस्त अल्बमची मऊ, वास येणारी पाने बहुधा पीव्हीसीची असतात. हे प्लास्टिक मऊ ठेवणारी द्रव्ये कालांतराने बाहेर पडतात, त्याच्या विघटनातून हायड्रोक्लोरिक आम्लही सुटते आणि नाण्यावर चिकट हिरवा थर येतो. म्हणजे ज्यात नाणे जपायचे, तेच पाकीट त्याला खाते. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटे त्यापेक्षा सुरक्षित. चिकट थर सुरुवातीला शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून, न घासता काढता येतो. मात्र अ‍ॅसिटोन ज्वालाग्राही असल्याने हे काम खेळत्या हवेत, गॅसपासून दूर करावे. नखांचे पॉलिश काढण्याचे द्रावण वापरू नये. त्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात.

घरी काय करता येईल?

नाणे कडेने धरावे, शक्यतो सुती हातमोजे घालून. प्रत्येक नाणे वेगळ्या पाकिटात आणि सर्व पाकिटे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत. हवेतली सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राहिलेली बरी. साधा आर्द्रतामापक त्यासाठी पुरतो. पावसाळ्यात सिलिका जेलचा रंग बदलला की पुड्या वाळवाव्यात किंवा बदलाव्यात. लाकूड आणि पुठ्ठ्यातून आम्लयुक्त वाफा निघतात, म्हणून नाणी त्यांत उघडी ठेवू नयेत. भुकटी सुटलेले नाणे लगेच इतरांपासून वेगळे करून जाणकाराला दाखवावे.

जबाबदारी एकट्या संग्राहकाची नाही. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर घटक लिहावे लागतात, मग नाण्यांच्या अल्बमवर तो कोणत्या प्लास्टिकचा आहे हे लिहायला काय हरकत आहे? विक्रेत्यांनी ते सांगावे आणि ग्राहकांनी विचारावे.

पूजेची प्रथाही मोडायला नको. पंचामृतासाठी एक नाणे कायमचे वेगळे काढावे. बाकीची काळी दिसली तरी चालतील. तो काळेपणा म्हणजे मळ नव्हे, नाण्याचे वय आहे.