रान पडून, माणूस गप्प : गाव ज्याला आळस म्हणतं, ते मनाचं दुखणं असू शकतं

धाराशिव : सप्टेंबर २०२५ च्या पावसाने भूम, परंडा भागात सीनाकाठची रानं खरडून नेली. कळंब, वाशीकडे उभं सोयाबीन पाण्यात कुजलं. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. तेव्हापासून गावोगाव एकच बोलणं चालू आहे. पंचनाम्यात नाव आलं का, फार्मर आयडी निघाला का, केवायसी झाली का, पैसे पडले का.

हे बोलणं गरजेचंच आहे. पण एक नुकसान कुठल्याच यादीत आलेलं नाही. ते म्हणजे माणसाचं खचलेलं मन. आणि मन खचलं की त्याचा पहिला फटका घरात नाही, रानात दिसतो.

असा एक तरी माणूस आज प्रत्येक गावात सापडेल. गेल्या वर्षीपर्यंत पेरणीत सगळ्यांच्या पुढे असायचा. यंदा वापसा येऊन गेला तरी हरभऱ्याचं बी पोत्यातच आहे. ई-पीक पाहणी करायची राहिली. बँकेत कर्जाचं नवं-जुनं करायला जायचं होतं, तीन वेळा ठरवलं आणि गेलाच नाही. पंप बिघडलाय, तो कोपऱ्यात तसाच पडलाय. सकाळी उठवत नाही, रात्री झोप नाही. कुणी विचारलं तर "काय नाही, बरंय की" एवढंच उत्तर. फोन वाजतो, उचलत नाही.

गाव काय म्हणतं? "आळशी झालाय." "पिऊन पडत आसंल." "बायकोच्या जिवावर बसून खातोय." इथेच गाव चुकतं.

आळस आणि आजार यात फरक काय?

नैराश्य आहे का हे तपासायला डॉक्टर नऊ प्रश्नांची एक यादी वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत काय झालं, एवढंच त्यात विचारतात. कामात रस वाटत नाही का? उदास वाटतं का? झोप लागत नाही किंवा जास्त लागते का? थकवा येतो का? भूक कमी-जास्त झाली का? आपण वाया गेलो, घरच्यांना तोंड दाखवायच्या लायकीचे राहिलो नाही असं वाटतं का? लक्ष लागत नाही का? हालचाल मंदावली किंवा जीव सैरभैर झाला का? मरून गेलेलं बरं असा विचार येतो का?

या यादीतले निम्मे प्रश्न कामाशी जोडलेले आहेत. रस, ताकद, लक्ष, झोप. यातलं एकेक गेलं की शेती कशी होणार? शेती म्हणजे रोज पन्नास निर्णय. आज पाणी द्यायचं का, फवारणी उद्यावर टाकायची का, माल आज विकायचा का थांबायचं. मन आजारी असलं की साधा निर्णयही डोंगराएवढा वाटतो. माणूस निर्णय घ्यायचंच टाळतो. आळशी माणसाला काम टाळून बरं वाटतं. आजारी माणसाला काम टाळूनही बरं वाटत नाही, उलट तो स्वतःलाच बोल लावतो. ओळखायची सोपी खूण हीच.

मग चक्र सुरू होतं. फवारणी चुकली की उतारा घटतो. विम्याची किंवा केवायसीची तारीख चुकली की हक्काचा पैसा अडकतो. २०२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये असताना बाजारात त्याच्या कितीतरी खाली माल गेला. पैसा नाही म्हणून कृषी सेवा केंद्राची उधारी थकते. उधारी थकली की त्या रस्त्याने जाणं बंद. रस्ता बंद झाला की वाटेतला कट्टाही सुटतो, कट्ट्यावरची चार माणसंही सुटतात. माणूस आणखी एकटा पडतो. कर्जाने मन खचतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. खचलेल्या मनाने कर्ज वाढतं, हे मात्र फार कमी जणांच्या लक्षात येतं.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नैराश्य आणि चिंता या दोन आजारांमुळे जगात दरवर्षी सुमारे १,२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात. नोकरदाराच्या रजेची नोंद तरी होते. शेतकऱ्याच्या वाया गेलेल्या दिवसाची नोंद कुठेच नाही. तो फक्त पडीक रानात दिसतो.

सावड गेली, सोबत गेली

पूर्वी शेतीचं कामच माणसांना एकत्र आणायचं. सावड होती. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. इर्जिक होती. नांगरट मागे पडली की गावातल्या बैलजोड्या एका रानात उतरायच्या. मळणीला रात्र-रात्र जागायची. त्यात कष्ट होते, भांडणंही होती. पण दोन दिवस कुणी दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी हाक यायची. मैत्री वेगळी करावी लागत नव्हती, ती कामातच होती.

आता ट्रॅक्टर तासावर येतो, दोन तासांत निघून जातो. मळणीयंत्र येतं, पोती भरतात, संपलं. तणनाशकामुळे खुरपणीची टोळी कमी झाली. यंत्रांनी कंबर वाचवली, त्यात वाईट काही नाही. पण शेतकरी आता दिवसदिवस रानात एकटा असतो आणि संध्याकाळी मोबाईलवर. गावाच्या ग्रुपवर दोनशे जण असतात. सकाळी फुलांचे फोटो, दुपारी राजकारण, रात्री वाढदिवस. त्यात "मला झोप येत नाही" असं कोण लिहिणार?

हॉटेलवर, पारावर पुरुष बसतात, नाही असं नाही. पण तिथली रीत चेष्टेची. कुणी चेहरा पाडून बसला तर "बायकोनं मारलं काय रं?" म्हणून हशा. मनातलं बोलणाऱ्याचा पुढचे आठ दिवस विषय होतो. त्यामुळे माणूस हसतो आणि आत ठेवतो. दारूच्या बैठकीत मात्र बोलणं सुटतं, म्हणून काहींना तीच मैत्री वाटते. पण दारूने झोप बिघडते, उदासी वाढते आणि दुसऱ्या दिवसाचं काम बुडतं.

बायकांचं थोडं वेगळं आहे. बचत गटाची बैठक असते, खुरपणीच्या टोळीत बोलणं होतं. पण सातबारावर नाव नसलेल्या बाईचं नुकसान शेतकऱ्याचं नुकसान म्हणून मोजलंच जात नाही. नवरा खचला की रान, जनावरं, पोरांची शाळा आणि वसुलीला येणारा माणूस, सगळं तिच्या अंगावर येतं. तिला उदास व्हायलाही वेळ नाही असं म्हणून विषय संपवला जातो.

तरुण पोरांचं दुखणं तर गावाने चेष्टेवारीच नेलंय. शेती करतो म्हटलं की लग्न जमत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला होता. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, बहुतेक जण हसले. पस्तिशीतल्या पोराला रोज कुणीतरी "कधी वाजवायचं?" विचारतं, तेव्हा तो आधी लग्नकार्याला जायचं सोडतो, मग मित्रांकडे, मग रानातही मन लागत नाही.

माणूस गेल्यावर पंचनामा, त्याआधी काय?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांनी आत्महत्या केल्या. त्यातले ४,२४८ महाराष्ट्रातले. २०२३ मध्ये देशाचा आकडा १०,७८६ होता, त्यातही ३८ टक्क्यांहून जास्त आपल्या राज्यातले. दोन्ही वर्षांत शेतकऱ्यांपेक्षा शेतमजुरांची संख्या जास्त आहे, हे फारसं कुणी सांगत नाही.

आत्महत्येमागे एकच कारण नसतं. कर्ज, नापिकी, भाव, घरचा वाद, आजारपण, व्यसन असं बरंच काही साचलेलं असतं. म्हणून "हे सगळं मनाचं आहे, समुपदेशन करा" असं म्हणून सरकारला सुटता येणार नाही. भाव आणि पाणी हेही मनाचं औषध आहे. पण पैसा उद्या येणार असेल तर माणूस आज टिकला पाहिजे, हेही तितकंच खरं.

सरकारी यंत्रणा मात्र माणूस गेल्यावर जोरात हलते. तलाठी येतो, पंचनामा होतो, जमीन नावावर होती का, कर्ज होतं का हे तपासतात. समिती पात्र का अपात्र ठरवते. पात्र ठरल्यास घरच्यांना १ लाख रुपये. त्याआधीच्या काळासाठीही योजना आहेत. २०१५ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' आला. आशाताईंनी घरोघरी जाऊन ताणाखालची माणसं शोधायची आणि उपचारापर्यंत न्यायची, असा तो विचार. त्याच वर्षी यवतमाळ आणि आपल्या जिल्ह्यात बळीराजा चेतना अभियान झालं. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्राची 'टेली मानस' ही फोनसेवा चालू आहे. पण आशाताईंवर आधीच लसीकरण, बाळंतपण, सर्वेक्षण अशी कामांची रास आहे. आणि ताई दारात आल्यावर गडी माणूस "मला काय झालंय?" म्हणून मागच्या दाराने निघून जातो.

म्हणजे यंत्रणा आणि आजारी माणूस यांच्यामध्ये एक जागा रिकामी आहे. ती जागा गावातल्याच माणसाची आहे.

अमरावतीच्या ३० गावांत काय घडलं?

हे नुसतं बोलणं नाही, करून पाहिलेलं आहे. गोव्यातल्या 'संगाथ' आणि इतर संस्थांनी अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवलं. त्यांनी छोट्या बैठका घेतल्या, नैराश्य म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगितलं, खचलेल्यांशी बोलले, गरज असलेल्यांना डॉक्टरपर्यंत नेलं. त्याचे निकाल २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री' या वैद्यकीय मासिकात छापून आले.

कार्यक्रमाआधी नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण मदत घेत होते. नंतर हे प्रमाण २७ वर गेलं. वर्षभरात आत्महत्येचा विचार आला असं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं.  फरक हा की विचारणारं माणूस गावात होतं आणि "वेडा" न म्हणता ऐकून घेणारं होतं.

गावाला काय करता येईल?

पहिलं म्हणजे, रान मागे पडलेलं दिसलं तर नाव ठेवायच्या आधी घरी जावं. चारचौघांत विचारू नये. बांधावर, गाडीवर, जनावरांना पाणी पाजताना, असं एकट्यात विचारावं. "झोप लागती का रं?" हा प्रश्न "टेन्शन आहे का?" यापेक्षा बरा. झोपेबद्दल माणूस बोलतो.

दुसरं, ऐकताना उपदेश नको. "तुझ्यापेक्षा लोकांचं किती वाईट झालंय" हे वाक्य जखमेवर मीठ आहे. जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का, हे सरळ विचारलं तर तो विचार डोक्यात भरतो, असा समज आहे. तो चुकीचा आहे. विचारल्याने मन हलकं होतं. उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं सोडू नये, फवारणीची औषधं दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

तिसरं, कामात हात द्यावा. त्याची केवायसी कुणीतरी सोबत जाऊन करून द्यावी. एक दिवस चौघांनी मिळून पेरणी उरकून द्यावी. सावड पुन्हा पहिल्यासारखी येणार नाही, पण एका माणसासाठी एक दिवस आणता येते. एक काम पूर्ण झालेलं दिसलं की खचलेल्या माणसाला दुसऱ्या कामाची उभारी येते.

चौथं, उपचार. १४४१६ हा टेली मानसचा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे, तालुक्याला पथक कोणत्या दिवशी येतं ते आशाताईंना विचारावं. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे चार दिवसांत फरक नाही म्हणून मनानेच बंद करू नयेत. आणि कुणी जिवाचा प्रयत्न करून वाचला असेल तर पोलीस केसच्या भीतीने लपवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशी व्यक्ती प्रचंड ताणाखाली होती असंच धरलं जातं. त्याला शिक्षा नाही, उपचार देणं हे सरकारचं काम आहे.

पॅकेजचे पैसे कधी पडतील, हे गावाच्या हातात नाही. बांधाशेजारचं रान पडून असेल तर आज संध्याकाळी तिथल्या माणसाच्या दारात जाऊन बसणं गावाच्या हातात आहे. चहा झाला तरी चालेल, नुसतं बसलं तरी चालेल.